उजेड पाहायला बसवलेला माणूस

तिच्या कॉलेजच्या फिल्मचं शूटिंग शनिवारी होतं आणि गुरुवारची दुपार झाली तरी तिला एकही जागा मनासारखी मिळाली नव्हती. बागेतला बाक दोनदा पाहून झाला होता. एकदा ऊन डोक्यावर, एकदा मागे पोरांचा कालवा. निदान घरातला प्रसंग तरी पक्का व्हावा म्हणून तिने स्वतःच्याच घरातलं जेवणाचं टेबल धरलं. आई मावशीकडे गेली होती. कॉलेजातून आणलेला दिवा पाचच्या आत परत द्यायचा होता.

तिचा कॅमेरा सांभाळणारा वर्गमित्र, सगळ्यांचा लांब्या, ऊन मऊ पडावं म्हणून खिडकीच्या काचेला बटर पेपर चिकटवत होता.

"येरझाऱ्या बंद कर," तो म्हणाला. "चार वेळा तुझा खांदा फ्रेममध्ये आला."

ती थांबली आणि नखं कुरतडायला लागली. ऊन साडेतीनला टेबलावर यायचं आणि चार दहाला समोरच्या इमारतीआड जायचं. चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते बघायला कुणीतरी हवं होतं, आणि नट शनिवारीच येणार होता.

"बाबा, जरा इथे बसता का? काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

बाबा आले, कॉलर नीट करून बसले. "हसू का?"

"नको!"

फिल्म एका ऑफिसातल्या माणसाची आहे, एवढंच तिने त्यांना सांगितलं होतं. नोकरी गेल्यावर तो माणूस चार महिने रोज सकाळी बॅग घेऊन घराबाहेर पडतो, हे सांगितलं नव्हतं.

"हनुवटीखाली काळोख येतोय," लांब्या म्हणाला. "पांढरं काहीतरी ठेवतो समोर." आणि ती दिव्याचा स्टँड सरकवत असताना त्याने हाताला लागले ते कागद टेबलावर पसरले. उजेड सुरेख वर आला. "काका, असेच राहा."

बाबा तसेच राहिले. फक्त खिशातून त्यांनी चष्मा काढला.

ते कागद फिल्मच्या पटकथेचे आहेत हे तिला तेव्हा दिसलं. ती स्टँड सोडून पुढे आली. "बाबा, ते नका वाचू."

त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक. "कॅमेरा चालू आहे?"

"टेस्टच आहे, काका."

"बंद कर."

लांब्याने दोघांकडे पाहिलं, कॅमेरा बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. सहावीत होते. शेवटी तुम्ही आईला सगळं सांगितलंत ना, त्या रात्री मी जागी होते."

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"तुम्हीही नाही बोललात."

"आणि आता सगळ्या कॉलेजला दाखवणार."

"तुम्ही म्हणाल तर नाही करत." तोंडातून निघालं खरं, पण शनिवारपर्यंत दुसरं काही उभं राहणं शक्य नव्हतं. पाय आपोआप हलत होता, तो तिने हाताने दाबून धरला.

ऊन टेबलावरून उतरलं. बाबांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे चूक आहे. मी बागेत नव्हतो बसत. दुसऱ्याच दिवशी एकाने विचारलं, सुट्टी काढलीत का? मग मी सरकारी दवाखान्यात जायला लागलो. बाहेरच्या बाकांवर. तिथे का बसलात असं कुणी विचारत नाही. एक बाई तर मला म्हणाली, होईल बरा तुमचा पेशंट. मी म्हटलं, हो."

तिने पेन काढून ती ओळ खोडली.

"दवाखाना घे," ते उठत म्हणाले. "आणि आईच्या आधी मला दाखव."

शुक्रवारी सकाळी ती आणि बाबा दवाखान्यात गेले. पेशंट असतात तिथे कॅमेरा चालणार नाही, असं तिथल्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. ती रडकुंडीला आली. बाबा मात्र ट्यूबलाइट कुठे आहेत, बाकांत अंतर किती, हे बघत फिरत होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी आणि लांब्याने कॉलेजच्या तळमजल्याचा पॅसेज दवाखान्यासारखाच लावला.

शनिवारी नट आला आणि बाकावर पाय पसरून बसला. बाबा दोनदा पुढे झाले, दोनदा मागे सरले. तिसऱ्यांदा मात्र सरळ त्याच्यापाशी गेले.

"पाय आत घ्या," ते हळूच म्हणाले. "कुणाच्या वाटेत येऊ नये, असं बसायचं."

तो शॉट सहा वेळा घ्यावा लागला. बाबा शेवटपर्यंत उभेच होते.