खालची अक्षरं

मीराने तेच वाक्य चौथ्यांदा ऐकलं. हेडफोन कानांवर दाबून धरला, डोळे मिटले आणि मग टाइप केलं: 'हव, बइठ, मंय आवत हंव.' त्यापुढे कंसात आणखी एक ओळ घातली: (आत कुकरची तिसरी शिटी).

"दीदी, कुकर भी लिखोगे?" मागे उभ्या असलेल्या चिरागने विचारलं.

"आवाज होऊन राहिला नं. मंग लिहाले नको?"

चिराग हसला. कंपनी त्याची होती. तेलीबांध्याच्या तलावामागे, मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या आणि नऊ माणसं. छत्तीसगढी विनोदी व्हिडिओ, पाककृती, लग्नांचं शूटिंग, मिळेल ते काम ते करत. सगळ्यात जास्त चालायची ती दर शनिवारी येणारी 'दुकान नंबर सात' ही मालिका. त्यात पिंकी साहू किराणा दुकानाची फटकळ मालकीण व्हायची, आणि ती जे बोलायची ते पडद्यावर खाली अक्षरांत लिहायचं काम मीराचं. घरी मराठी असली तरी मीरा इथल्याच पुरानी बस्तीत वाढलेली, तिला छत्तीसगढीतली बारीकशी कोपरखळीही कळायची.

शुक्रवारी दुपारी सगळे कॅरम खेळायला बसत. मीरा खेळत नसे. ती पूर्ण झालेला भाग पुन्हा लावायची आणि कोणी न सांगितलेलं काम करत बसायची. कुठे लांब कोंबडा आरवला, कुठे शटर ओढलं, कुठे पिंकीच्या बांगड्या वाजल्या, ते शोधून कंसात लिहायची. छंद म्हणावा तर एवढाच.

"दीदी," चिराग जरा अडखळला, "अगले हफ्ते से ये मशीन कर देगी. आपको डेढ़ दिन लगता है, वो चार मिनट में करती है. आप अपलोड वगैरह देख लेना."

चिरागचे वडील अमरावतीचे. त्याला मराठी समजायची, उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

"ठीक हाय," मीरा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

घरी तिचे सासरे नीलकंठराव व्हरांड्यात बसलेले असत. वय त्र्याऐंशी. रेल्वेत सिग्नलच्या कामावर जन्म गेला. सात-आठ वर्षांपूर्वी ऐकू येणं कमी झालं आणि मग बंदच झालं. कानातलं यंत्र आणलं होतं, पण त्यात नुसतं घोंघावतं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. त्यांच्याशी बोलायचं तर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहावं लागे. आधी सगळे पानभर लिहायचे. मग दोन ओळी. मग 'जेवण झालं' आणि 'डॉक्टर उद्या' एवढंच उरलं.

म्हातारा शनिवारी मात्र खुशीत असे. मोबाइल नाकाजवळ धरून 'दुकान नंबर सात' बघायचा आणि एकटाच हसायचा. "आज त्या बाईच्या घरी कुकरच्या तीन शिट्या झाल्या," जेवताना मोठ्याने सांगायचा. "तुरीची डाळ असंन." खालची अक्षरं सून लिहिते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीराने नोकरी धरली तेव्हा नाटकसिनेमाचं ऑफिस म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी पडली असती, म्हणून तिच्या नवऱ्याने, निरंजनने, 'कंप्युटरचं टायपिंग' असं लिहून दाखवलं होतं. पुढे ते दुरुस्त करायचं राहूनच गेलं.

मशीनने लिहिलेला पहिला भाग आला. मीरा कणीक मळत होती.

"सूनबाई!" व्हरांड्यातून हाक आली. ती तसेच हात घेऊन गेली.

"ही बाई घडीघडी 'हवा, हवा' काहून करून राहिली?"

मीराने वाकून पाहिलं. पिंकीच्या प्रत्येक 'हव'चं, म्हणजे प्रत्येक होकाराचं, मशीनने 'हवा' करून टाकलं होतं. बाकी जिथे काही कळलं नाही तिथे कंसात 'संगीत'.

"अन् हे संगीत कशाचं? पेटी हाय का तबला? का कोणी गाऊन राहिलं? काही समजाले मार्ग नाही." त्यांनी मोबाइल उपडा ठेवला. "पहिले जो पोट्टा लिहीत होता, तो हुशार होता. हा नवा कामचोर दिसते."

मीराचे हात कणकेचे होते. लिहून काही सांगता आलं नाही, आणि हात धुतल्यावरही तिने लिहिलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी मोबाइल उघडला, थोडा वेळ पाहिलं आणि बंद करून रस्त्याकडे तोंड करून बसले. त्यानंतर ती मालिका लावलीच नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसात प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचल्या जात. चिराग मोबाइलवरून भरभर वाचत होता. एका ठिकाणी थांबला.

"दीदी, ये बहुत लंबा है, मराठी में. आप पढ़ो नं."

मीराने मोबाइल घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. मी सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी असून मला मुळीच ऐकू येत नाही. आपल्याकडे पूर्वी जो मुलगा खालची अक्षरे लिहीत असे, तो हल्ली दिसत नाही. त्याला कामावरून काढले असल्यास कृपया परत घ्यावे. त्याच्यामुळे मला कोंबडा आरवलेला कळत असे. बांगड्या वाजलेल्या कळत असत. माझ्या घरची माणसे चांगली आहेत, पण माझ्यासाठी त्यांनी दिवसभर किती लिहावे? सून तर ऑफिसातून थकून येते. तिच्याजवळ हे बोलणे मला...'"

मीरा थांबली. पिंकी तिच्याकडे बघत राहिली.

"'...मला बरे वाटत नाही,'" तिने वाक्य पुरं केलं. "'चूकभूल क्षमा असावी. नी. वि. वडनेरकर.'"

"वडनेरकर?" चिराग म्हणाला. "दीदी, आप भी तो..."

"सासरे हायेत माझे."

 चिरागने मोबाइल परत घेतला आणि खालचं नाव पुन्हा वाचलं.

"आप बोलीं क्यों नहीं?" चिरागचा आवाज खाली आला होता.

"काय बोलू? घरचं काम थोडीच होतं ते."

चिरागने मान खाजवली. मग हिशेबी माणसासारखं म्हणाला, "बाकी सब मशीन करेगी. 'दुकान' आप करो. लेकिन अपलोड भी आपका ही रहेगा, दीदी."

"हव," मीरा म्हणाली, आणि सगळ्यात आधी पिंकीला हसू फुटलं.

त्या संध्याकाळी मीरा घरी आली तेव्हा व्हरांड्यात अजून उजेड होता. तिने चप्पल काढली आणि पर्स खांद्याला असतानाच कॅलेंडरचं पान घेतलं. पहिल्यांदा लिहिलेलं खोडलं. दुसऱ्यांदाही खोडलं. शेवटी लिहिलं: 'मामाजी, तुमचं पत्र मिळालं. तो मुलगा म्हणजे मीच. शनिवारपासून पुन्हा लिहिते.'

नीलकंठरावांनी चष्मा पुसला. पान वाचलं. पुन्हा वरून वाचलं. बोट एकेका शब्दाखालून सरकत गेलं आणि शेवटच्या शब्दापाशी थांबून राहिलं. मीरा त्यांच्यापुढे उभी होती, लहानपणी मास्तरांपुढे उभं राहावं तशी.

मग ते खुर्चीचे हात धरून सावकाश उठले. भिंतीशी ठेवलेली दुसरी खुर्ची त्यांनी ओढून स्वतःच्या शेजारी आणली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिची बैठक झटकली.

"बसा," ते म्हणाले. "उभ्या काहून तुम्ही?"