लोझित्सा नावाचं गाव नाही

स्तामातियाचा धाकटा भाऊ लाझो ग्रीसमधल्या एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या यादवीत नऊ वर्षांचा होता. डोंगरावर बॉम्ब पडायला लागले तशी गावातली पोरं सीमेपलीकडे नेली, त्यांत तो गेला. स्तामातिया तापाने फणफणून आत्याकडे पडली होती, म्हणून राहिली. पन्नास वर्षं लोटली. तिकडे बितोला शहरात सुतारकाम करता करता लाझो म्हातारा झाला, आणि यंदा द्राक्षांच्या तोडणीला पहिल्यांदा घरी येणार होता.

अडचण पासपोर्टाची होती. तिकडच्या कारकुनाने जन्मगाव विचारलं, तेव्हा लहानग्या लाझोने घरात ऐकलेलं सांगितलं होतं, तेच पासपोर्टावर आलं: लोझित्सा. म्हणजे लहानशी द्राक्षवेल. सरकारने ते नाव दोघांच्या जन्माआधीच पुसून ग्रीक नाव लावलेलं, कालीक्लिमा. म्हणजे चांगली वेल. वेल तीच, पण सीमेपलीकडेही चालणाऱ्या गावच्या जुन्या भाषेत बोलताना कोणी ऐकलं तर बापाला दंड होई.

ती गावच्या अध्यक्षाकडे, अस्तेरिओसकडे गेली. वाइनचा कारखानाही तोच चालवायचा.

"दोन्ही गावं एकच, एवढं लिही आणि शिक्का मार."

"मावशी, बाटलीवर काय छापलंय वाचलंस? 'तीन हजार वर्षांचं नाव.' क्लिमास राजाने वसवलं म्हणून."

"कोण रे हा राजा?"

"असेल कोणीतरी. जर्मन गिऱ्हाइकांना आवडतो."

"तुझी आजी मरेपर्यंत लोझित्साच म्हणायची."

"आजी गेली. आणि ते नाव माझ्या ऑफिसात पुन्हा काढू नकोस. तुझा मुलगा आमच्याकडेच कामाला आहे ना?"

ठरल्या दिवशी ती काळ्या द्राक्षांची टोपली घेऊन बसने सीमेच्या नाक्यावर गेली. अडसरापलीकडे राखाडी कोटातला एक म्हातारा टोपी हातात धरून उभा होता. चेहऱ्यावरून नाही, बापासारख्या कानांवरून तिने त्याला ओळखलं.

अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट केला. "ग्रीसमध्ये असं गावच नाही. परत जा."

"आहे साहेब," ती पुढे झाली. "मी तिथलीच. हा माझा सख्खा भाऊ."

"ओळखपत्र बघू." त्याने वाचलं. "इथे तर कालीक्लिमा आहे, मावशी. मग हे ओळखपत्र खोटं का? नीट सांग, लिहून घेतो. कुठली तू?"

त्याने खरंच पेन उघडलं. तिला मुलाची नोकरी आठवली, बापाचे दंड आठवले.

"कालीक्लिमाची," ती म्हणाली. "लोझित्सा… तसलं काही नाही, साहेब."

लाझोला ग्रीक फारशी आठवत नव्हती. एवढं मात्र कळलं. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, हात जरासा वर केला आणि वळला. टोपली द्यायचीही राहिली. परतीच्या बसमध्ये द्राक्षांचा रस तिच्या झग्यावर गळत होता, तिने पुसला नाही.

फेब्रुवारीत त्याच्या मुलीचा फोन आला. लाझो गेला होता. नाक्यावरच्या त्या दिवसाबद्दल तो काय म्हणाला, हे मुलीने सांगितलं नाही आणि स्तामातियाने विचारलं नाही.

उन्हाळ्यात वाइनचा उत्सव झाला. अस्तेरिओसने गावाचा इतिहास छापून घरोघर वाटला होता: चार पानं, गुळगुळीत कागद. त्यात राजा होता, देव होते; अठ्ठेचाळीस साल नव्हतं. वयाचा मान म्हणून स्तामातियाला पहिल्या रांगेत बसवलं. त्याने व्यासपीठावरून सगळं वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारीण तिच्याकडे बघत होती. मग स्तामातियानेही वाजवल्या.