पोट भरल्याची खूण

धुरपताबाईंनी पेन मुठीत धरलं आणि कागदावरच्या आडव्या रेघेच्या अगदी उजव्या टोकाला फुली मारली. डावं टोक म्हणजे भुकेनं जीव कासावीस, उजवं म्हणजे आता घासही नको. सकाळच्या उपम्यानंतरची ही सहावी रेघ. सहाही फुल्या एकाच जागी.

"मावशी, खरंच भूक नाही? साडेबारा वाजायलेत," राजेश्री म्हणाली. भूक कधी लागते, पोट कधी भरतं, याचा अभ्यास परभणीच्या त्या दवाखान्यात चालला होता. त्याच्या नोंदी पूर्णा गावची ही मुलगी ठेवायची.

तेवढ्यात धुरपताबाईंचं पोट गुरगुरलं. दोघींनाही ऐकू आलं.

"ते बोलतंच," धुरपताबाई पदर सावरत म्हणाल्या. "तेच्याकडं ध्यान द्यायचं नसतं."

ऊसतोडीला त्यांनी तीस वर्षं काढली होती. खोपीसमोर सगळ्यांची जेवणं उरकली की टोपल्यात उरेल ते त्यांचं, आणि तेवढ्यात पोट भरलं असं म्हणायचं. त्या खोटं बोलत नव्हत्या. दुसरं काही म्हणायची वेळच आली नव्हती.

मग रक्त घेतलं, ताट आलं. चार भाकरी, वांग्याची भाजी, वरण. पाहिजे तेवढं खायचं, एवढाच नियम. धुरपताबाईंनी एक भाकर खाल्ली आणि हात धुतला.

"तुमी जेवलाव का?" त्यांनी विचारलं.

"माझं नंतर."

"मंग राहू द्या की तुमच्यापुरतं."

राजेश्री नोंदींचे कागद घेऊन बाहेर गेली. थोड्या वेळानं बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला. या बाईंच्या नोंदींचा उपयोग नाही, त्यांना अभ्यासातून कमी करू. धुरपताबाई पायांकडे बघत बसल्या. खाण्यातसुद्धा आपण नापास होऊ, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"सर, एकदा अजून बोलवू द्या," राजेश्री म्हणत होती. "आपलं विचारणंच चुकलं असेल."

गुरुवारी त्या पुन्हा आल्या. या खेपेला राजेश्रीनं आधी स्वतःचा डबा उघडला, त्यांच्यासमोर बसून पोटभर जेवली, डबा धुऊन पालथा घातला.

"माझं झालं. आता जेवायचं कुणीच राहिलं नाही, मावशी."

धुरपताबाईंनी पहिली भाकर मोडली. मग दुसरी. तिसरी संपवताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. चौथी अर्धी झाली आणि घास हातातच राहिला.

"काय झालं?"

"हात थांबला." त्या अर्ध्या भाकरीकडे बघत राहिल्या. "आपसूकच."

"भाजी आवडली नाही का?"

"लय आवडली." त्यांनी घास हळूच ताटात ठेवला. "असं असतंय व्हय?"

संध्याकाळी पेडगावला घरी भारत, म्हणजे त्यांचा मुलगा, जेवून उठला होता. सून बबिता टोपलं झाकत होती. आत एकच भाकर होती.

"बबिते, ताट घे."

"तुमी घ्या, आत्या. मला भूकच न्हाई."

हे वाक्य धुरपताबाईंना पाठ होतं. त्यांनी टोपलं सुनेपुढं सरकवलं, परात ओढली, पीठ घेतलं आणि विझत आलेल्या चुलीत दोन काड्या सारल्या.

"कुणासाठी करायलाव आता?" बबितानं विचारलं.

"तू खायाला लाग."

बबितानं पहिला तुकडा मोडला, तेव्हा परातीत भाकर थापल्याचा आवाज सुरू झाला होता.