चौदा मिलिमीटर

"सर, हितं माझी दोन बोटं कशीबशी मावत्यात, आन् हे एवढं जाड लोखंड कसं मावायचं?"

लालबीची दोन बोटं केशर घोडीच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत, दात नसलेल्या जागेत गेली होती. घोडी शांत उभी होती. अशांत होते ते हौसराव सर. फौजेतून निवृत्त होऊन खुटबावला त्यांनी घोडेस्वारीचा क्लब काढला होता आणि शेण काढणाऱ्या बाईनं आपल्याला शिकवावं हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

"जाड बीट म्हणजे मऊ बीट, लालबी. दाब पसरतो. पुस्तकात लिहिलंय." लगामाच्या, तोंडात बसणाऱ्या लोखंडाला सर बीट म्हणायचे.

"पुस्तकाला जीभ असती का, सर?"

शेजारी उभ्या असलेल्या ब्लेसीला हसू आवरेना. केशरवर स्वारी तीच करायची. ड्रेसाज नावाच्या त्या स्पर्धेत घोड्याला मैदानात ठरलेल्या जागी ठरलेल्या चालीनं चालवायचं असतं, आणि परीक्षक एकेका पावलाला मार्क देतात. गेल्या वेळी केशरनं सगळा वेळ तोंड वासून जीभ बाहेर काढली होती. परीक्षकांनी लिहिलं, 'अवज्ञा'. सरांनी सांगून टाकलं, "रविवारी शिरूरला साठ टक्क्यांच्या वर गेली तर राहील. नाहीतर दौंडचा बँडवाला कधीचा मागतोय, वरातीला." तोवर उपाय म्हणून नाकपट्टा आणखी दोन भोकं आवळायचा. तोंडच उघडता आलं नाही की अवज्ञा संपली!

लालबीच्या डोक्यात तिडीक गेली ती यामुळे. तिचा नवरा बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढं घोडी पळवायचा. वीस वर्षं घोड्या पळाल्या, ढाली मिळाल्या, आणि संध्याकाळी घोडीच्या तोंडातलं रक्त मिठाच्या पाण्यानं धुवायचं काम लालबीचं. तेव्हा ती एका शब्दानं बोलली नव्हती. नवरा गेला, घोड्या गेल्या, पण तेव्हाचं ते गप्प बसणं मात्र तिला अजून खात होतं.

"आवळून तोंड मिटंल," ती म्हणाली. "दुखायचं ऱ्हाईल का?"

सर निघून गेले. लालबी कामाला लागली.

आधी माप. ज्वारीचं धाट केशरच्या तोंडात आडवं धरून ओठांच्या कडेला नखानं खूण करायची, असा तिचा बेत होता. केशरनं ते कडाकडा खाल्लं. दुसरंही खाल्लं. मग तुरकाठी आणली, तेव्हा कुठं माप मिळालं. सरांचं जाड बीट त्या मापाहून बोटभर लांब होतं. लगाम ओढला की ते सरकायचं, मधला सांधा टाळूला लागायचा. केशरची जीभ जाड, टाळू बसका. बिचारी तोंड उघडणार नाही तर काय करणार?

सामानाच्या खोलीतल्या पेटीच्या तळाशी दोन बारीक बीटं सापडली. दोन्हींना दोन-दोन सांधे, मध्ये चपटा गोलसर मणी, म्हणजे जिभेवर वाकून बसणारी. ब्लेसीनं मोबाइलवर नियम उघडले.

"मावशी, चौदा मिलिमीटरपेक्षा बारीक चालत न्हाई. कडीपाशी मोजायचं."

"मग मोज की."

ब्लेसीचे काका जॉन्सन यांचं वरवंडला लेथ मशीन होतं. त्यांचं जाडी मोजायचं व्हर्नियर आलं. पहिलं बीट बारा भरलं. लालबीला तेच आवडलं होतं, पण तिनं ते मुकाट्यानं पेटीत टाकलं. दुसरं चौदाला थोडं वर भरलं. लांबीही बरोबर. केशरनं ते तोंडात घेतलं, दोनदा चघळलं आणि ओठ मिटले. नाकपट्ट्याखाली दोन बोटं सहज जातील एवढी जागा ठेवूनही मिटले.

"आता बोल म्हणावं पुस्तकाला," लालबी म्हणाली.

रविवारी न्हावऱ्यामार्गे शिरूर गाठलं. सराव चालू असताना सरांच्या नजरेस ते बीट पडलंच.

"काढ ते. माझं जाड कुठंय?"

"क्लबातच ऱ्हायलं."

"विसरलीस?"

"विसरले न्हाई. ठेवून आले."

आजूबाजूचे चार लोक वळून बघू लागले. सरांचे कान लाल झाले. "उद्यापासून यायचं नाही कामाला!"

"उद्याचं उद्या बघू, सर. आज हिचं तोंड मी दुखू देणार न्हाई."

तेवढ्यात केशरचा नंबर पुकारला गेला.

सहा मिनिटं. केशर तोंड मिटून, मान कमानीसारखी ठेवून असं चालली की ब्लेसीच्या हातातला लगाम हलतोय की नाही तेही कळेना. लालबी कठड्याला धरून उभी होती आणि उघड उघड रडत होती. कुणी बघितलं तर बघू दे.

मैदानाबाहेर पंचानं नेहमीसारखं हातमोजा घालून बीट तपासलं. त्याचं बोट थांबलं. मधल्या मण्यावर धोतराच्या चिंधीचा एक वेढा होता. शर्यतीच्या घाटात घोडीला लगाम घालताना लोखंडाला गुळाची चिंधी बांधतात, म्हणजे ती तोंड आपसूक उघडते, आणि पळायच्या आधी चिंधी सोडतात. पहाटे लालबीच्या हातानं जुन्या सवयीनं बांधली होती. सोडायच्या वेळी सरांशी भांडण चाललं होतं.

"बीटला काहीही गुंडाळलेलं चालत नाही," पंच म्हणाला. "घोडी बाद."

ब्लेसीचं तोंड उतरलं. सर काही बोलायच्या आत लालबी पुढं झाली.

"चिंधीची चूक माझी हाय, साहेब. लिहा माझं नाव. लोखंडाची चूक न्हाई." तिनं केशरचा ओठ वर केला. "हे बघा. कुठं वळ हाय? कुठं रक्त हाय?"

पंचानं वाकून बघितलं. नुसतं बघितलं नाही, टॉर्च लावून बघितलं. "तोंड स्वच्छ आहे," तो म्हणाला, आणि कागदावर 'बाद' लिहिलं. परीक्षकांचे मार्क चौसष्ट टक्के होते. ते खोडले गेले.

मंगळवारी दौंडचा बँडवाला आला. बाद ती बाद, असं सरांचं म्हणणं. लालबीला कामावरून काढल्याचं ते पुन्हा बोलले नव्हते, आणि तीही विचारायला गेली नव्हती. बँडवाल्यानं पिशवीतून स्वतःचा लगाम काढला. त्याच्या लोखंडाला आतून काटे होते.

"ते पिशवीत ठेवा, मामा," लालबी म्हणाली. "घोडी न्यायची तर ह्याच बीटवर. न्हाईतर मी दावं सोडत न्हाई."

"आवं, वरातीत फटाकडे उडत्यात. हिला आवरायची कशी?"

"मान थोपटायची. लहान लेकराला आवरता तशी."

बँडवाल्यानं सरांकडं बघितलं. सरांनी लालबीकडं बघितलं, मग त्या चौदा मिलिमीटरकडं. "घेऊन जा त्याच्यासकट," ते म्हणाले आणि आत वळले.

केशर कॅनॉलच्या रस्त्यानं गेली. तोंड मिटलेलं होतं. वळणाशी दिसेनाशी झाली तेव्हा लालबीनं डोळे पुसले, हात धुतले आणि पलीकडच्या घोड्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"त्याचं बीट ठीक आहे," ऑफिसातून सर ओरडले.

"बघते की," लालबी म्हणाली, आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून दोन बोटं आत घातली.