चौथी सूचना

मावशीने माउस टेबलावर इतक्या जोरात आपटला की भाचीच्या कपातला चहा बशीत सांडला.

"कोणत्या शहाण्याने लिहिलंय हे?"

"मी," भाची म्हणाली. "आणि हळू जरा. माउस ऑफिसचा आहे."

"मग ऑफिसलाही अक्कल नाही आणि तुलाही नाही."

भाची एका लहानशा व्हिडिओ गेम कंपनीत कामाला होती. त्यांचा नवा गेम उद्या सकाळी बाजारात येणार होता. खेळणाऱ्याने त्यात गुप्तहेर व्हायचं, साक्षीदारांशी बोलायचं, चोर पकडायचा आणि बढती मिळवत पुढे जायचं. नवख्यांसाठी दहा सूचनांचं पान भाचीने लिहिलं होतं आणि ते पाचच्या आत पाठवायचं होतं. मावशीने एकतीस वर्षं पोलीस ठाण्यात लोकांचे जबाब लिहून घेतलेले, म्हणून कंपनीने तिला सल्लागार नेमलं होतं. सल्ला म्हणजे काय, तर दोन तास गप्पा, एक बिस्किटाचा पुडा आणि एक फोटो. तो फोटो आता प्रत्येक जाहिरातीत झळकत होता. खाली तिचं नाव, आणि मोठ्या अक्षरात, 'खरे जबाब लिहिणाऱ्या बाईंच्या सल्ल्याने'.

पहिल्या तीन सूचनांबद्दल तिची तक्रार नव्हती. कोणाशीही बोलण्याआधी खोली नीट बघा, टेबलाखालीसुद्धा. बरोबर. सुरुवातीचे सगळे गुण 'धाक'मध्ये ओतू नका, थोडे 'नजर'मध्ये घाला. हेही बरोबर; ठाण्यातल्या निम्म्या लोकांना कोणी हे वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मोठ्या चौकशीआधी खेळ सेव्ह करा, म्हणजे चुकलात तर मागे जाता येईल. इथे तिने नाक मुरडलं. मागे जाता येतं म्हणे!

चौथ्या सूचनेला मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'साक्षीदाराला एकच प्रश्न तीनदा विचारा. उत्तर बदललं, की तोच गुन्हेगार. बेधडक अटक करा.'

तिने स्वतः खेळून पाहिलं होतं. घड्याळाच्या दुकानात चोरी. झाडूवालीने तीनदा तीन उत्तरं दिली. दुकानाच्या भागीदाराने तीनदा एकच वाक्य म्हटलं, काना-मात्रेचा फरक नाही. मावशीने भागीदाराला बेड्या घातल्या. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'चुकीचा माणूस. तुमची बढती गेली.'

"मला शिकवतंय हे डबडं!"

"मावशी, गेमचा नियमच तसा आहे. मी नियम सांगितला फक्त."

"चोर सोडून संन्याशाला फाशी, हा नियम? अगं, तीनदा तेच वाक्य बोलतो तो पोपट असतो. कोणीतरी पढवलेला. खरं आठवणारा माणूस इकडून तिकडे जातो."

"हे आता सांगतेस? त्या दोन तासांत का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं का? तुम्हाला बेड्या कुठल्या खिशात ठेवतात ते हवं होतं!"

भाचीने बशीतला चहा कपात ओतला. मावशीच्या तोंडाचा पट्टा मात्र थांबेना. ती तेवीस वर्षांची असताना, नोकरी पक्की व्हायची असताना, एका हॉटेलच्या धोबीखान्यातली बाई ठाण्यात आणली होती. पाहुण्याचं सोन्याचं कडं गेलेलं. इन्स्पेक्टरने तीनदा विचारलं, धोबीखान्यातून कधी निघालीस? आधी म्हणाली, बॉयलर बंद झाला तेव्हा. मग म्हणाली, चादरींची इस्त्री उरकल्यावर. तिसऱ्यांदा म्हणाली, गुडघ्याची गोळी घ्यायच्या आधी.

"तिन्ही एकच वेळ होती गं! तिच्याकडे घड्याळ नव्हतं, काम होतं. हॉटेलचा मॅनेजर मात्र तीनदा म्हणाला, पावणेचार वाजता मी तिला जिन्यावर पाहिले. 'पाहिले' म्हणाला, पुस्तकातल्यासारखं. इन्स्पेक्टरने तिच्या तीन उत्तरांखाली रेघा मारल्या. दोन वर्षांची शिक्षा. अकराव्या महिन्यात कडं मॅनेजरच्या मेहुण्याकडे सापडलं."

"आणि तू काय केलंस?"

उत्तर यायच्या आत फोन वाजला. कंपनीचा मालक. पान कुठे अडकलं, म्हणून विचारत होता. भाचीने चाचरत सांगितलं आणि फोन मावशीकडे दिला.

"आजी, खेळ आहे हो तो," मालक हसत म्हणाला.

"मी तुमची आजी नाही. नियम बदला."

"उद्या गेम येतोय. आता नियम बदलायचा म्हणजे दोन महिने. तुम्हाला इतकंच वाटत असेल तर पानावरून तुमचं नाव काढतो. जाहिरातीतूनही काढू. एका मिनिटाचं काम."

मावशीच्या ओठावर 'काढा' आलंच होतं. काढा आणि हात झटकून मोकळं व्हा. तेव्हाही ती अशीच मोकळी झाली होती. जबाबाखाली लिहिणाऱ्याची सही लागायची. तिने इन्स्पेक्टरला काही म्हटलं नाही. हाताला कळ लागली असं सांगून शेजारच्या कारकुनाला सही करायला लावली. सुटून आल्यावर ती बाई ठाण्यात आपली पिशवी न्यायला आली होती. तिने शिव्या घातल्या त्या कारकुनाला. सही त्याची होती ना! मावशी शेजारीच मान खाली घालून फाइली लावत राहिली.

"नाव काढायचं नाही," मावशी म्हणाली.

"मग?"

"नाव राहील, आणि चौथ्या सूचनेखाली माझा मजकूर येईल. ही सूचना चूक आहे, असा."

"आमच्याच पानावर आमच्याच गेमला नावं ठेवायची?"

"हो. नाहीतर ज्या तोंडाचा फोटो छापलात, तेच तोंड घेऊन मी गावभर सांगत फिरेन. पेन्शनीत आहे मी. वेळच वेळ आहे."

"किती ओळी?"

"होतील तेवढ्या."

"पाचच्या आत पाठवा," म्हणून त्याने फोन आपटला.

पावणेपाच झाले होते. भाचीने कीबोर्ड पुढे ओढला. "सांग. मी जरा नीटनेटकं करून घेते."

"काही करू नकोस. बोलते तसं लिही." मावशी उभी राहूनच सांगू लागली. "ही सूचना चूक आहे. खेळात जिंकायला लागेल ती, पण चूक आहे. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागेपुढे होतो. पाठ केलेला अडखळत नाही. हे मला तेविसाव्या वर्षी कळलं होतं, आणि मी गप्प बसले."

भाचीची बोटं थांबली. "शेवटचंही घालू?"

"तेच आधी घाल," मावशी खेकसली. "आणि खाली माझी सही."