काचेवरची विभूती

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा जन्मच बघण्यासाठी झाला, पण मागच्या महिन्यापर्यंत नऊ वर्षं पांढऱ्या धुक्यापलीकडे मला काही दिसलं नव्हतं.

मी उदगीरच्या एका घरात राहते. देवघराशेजारी कोनाडा आहे, कोनाड्यात काचेची पेटी आहे आणि पेटीत मी. दोन स्क्रूंनी मला एका सागवानी पाटाला जखडलेलं आहे. पाटावर पितळी पट्टी आहे आणि पट्टीवर माझ्या मालकांचं नाव कोरलं आहे, ‘हवालदार गुरुलिंग’. नऊ वर्षं रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की मालकीणबाई लक्ष्मम्मा पेटीचं दार उघडायच्या. ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवायच्या आणि माझ्या दोन्ही काचांवर तीन-तीन पट्टे ओढायच्या. “शिवा, सांभाळ रे बाबा,” म्हणायच्या आणि दार लावून घ्यायच्या. विभूती वाळायची. कालच्या थरावर आजचा थर बसायचा.

त्यांचा राग मला कधीच आला नाही. रागवावं तरी कसं? माझ्यावर त्यांचा किती जीव आहे, हे त्यांच्या बोटांतून मला कळतं. पण मित्रांनो, मायेच्या पेटीलाही कडी असतेच.

आता पहिल्यापासून सांगते.

काच घासणाऱ्या कारागिरांच्या हातून माझा जन्म झाला. एकेका भिंगासाठी त्यांनी दिवसच्या दिवस घालवले. मग अंगावर हिरवा रंग चढला, गळ्यात पट्टा आला आणि मी लष्करात भरती झाले. गुरुलिंग तोफखान्यात होते. त्यांचं काम टेहळणीचं. तोफ कुठेतरी मागे, झाडीत लपलेली असते. समोर काय आहे ते तिला दिसत नाही. कुणीतरी पुढे जाऊन, दडून बसून, तिच्यासाठी बघावं लागतं. ते बघणं आमच्याकडे होतं. आपण बघायचं, पण आपण दिसायचं नाही, एवढा एकच नियम. गुरुलिंगांचा अंगठा नेहमी माझ्या काठावर असायचा. तिथला रंग त्यानं झिजला आणि खालचं पितळ उघडं पडलं. मला त्याचा अभिमान वाटायचा. त्या चकाकीचं पुढं काय होणार, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

मग सरहद्दीवर लढाई पेटली.

नदीच्या अलीकडच्या बांधात एक बीळ खणलं होतं. वर लाकडाच्या ओंडक्यांचं छप्पर, त्यावर माती आणि गवत. पश्चिमेला हातभर रुंदीची फट. त्या फटीत मी, माझ्यामागे गुरुलिंग आणि त्यांच्यामागे वायरलेस घेऊन भागवत. भागवत आपल्या नांदेड जिल्ह्यातला, लोह्याचा. आत उभं राहता येत नव्हतं, पाय पसरता येत नव्हते. बाहेर डोकं काढलं की पलीकडून गोळी यायची. असे चार दिवस गेले.

“अप्पा, आमच्या लोह्यात उंदराचं बीळ बी याच्याहून ऐसपैस असतंय बगा,” भागवत म्हणायचा.

“मंग जा की उंदराकडं राहायला. भाडं घेणार न्हाई तो.”

“तुमचं काय जातंय! तुमचा देव गळ्यात हाय. आमचा पार माळेगावला बसलाय. त्येला तितनं हाक कशी ऐकू जावी?”

गुरुलिंग हसायचे. त्या बिळातही त्यांचा पूजेचा नेम चुकला नाही. पहाटे बाटलीतलं घोटभर पाणी घ्यायचे, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवायचे आणि कपाळाला विभूती लावायचे. विभूतीचा तो गोळा त्यांच्या आईनं, शांतम्मांनी, घरी केलेला होता. शांतम्मा गाईच्या शेणाच्या गोवऱ्या थापायच्या, जाळायच्या, राख फडक्यानं गाळून तिचे गोळे वळायच्या. लहानपणी गोवऱ्या वाहायचं काम गुरुलिंगांकडं असे. ते भागवतला सांगताना मी ऐकलं होतं.

आमच्या डोक्यावर, आभाळात, आपलंच एक ड्रोन घिरट्या घालायचं. मला त्याचा फार हेवा वाटायचा. त्याला मोकळं आभाळ होतं. मला फक्त हातभर फट. ते काय बघतं ते मागे छावणीत साहेबांच्या पडद्यावर उमटायचं. गार काय आहे, गरम काय आहे, तेही त्याला कळायचं.

चौथ्या दिवशी सूर्य मावळतीला आला आणि वायरलेस खरखरला. भागवत ऐकत गेला, तसा त्याचा चेहरा बदलला.

“अप्पा, समोरच्या गावात तीन ढीग दिसायलेत म्हणं ड्रोनला. गोल, वरून झाकल्याले. अन् आतून गरम हायेत. गाव तर आपुन रिकामं केल्तं. साहेब म्हणायलेत, गनीम नदी वलांडून आलाय अन् दारूगोळा रचलाय. पंधरा मिनिटांत तोफा सुरू व्हणार. आपल्याला डोकं खाली ठिवा म्हनलेत.”

गाव नदीच्या अलीकडेच, आमच्यापासून पाचशे पावलांवर होतं. गुरुलिंगांनी मला उचललं. माझ्या काचांवर चकाकी झाकायला जाळी बांधलेली होती. त्या जाळीतून पडक्या भिंती दिसल्या आणि भिंतीआड तीन घुमट. वरून लिंपलेले. दिवसभराच्या उन्हानं तापलेले.

गुरुलिंगांनी चक्री फिरवून पुन्हा बघितलं.

“भागवत, त्या गवऱ्या हायेत.”

“काय?”

“गवऱ्या रे! रास रचून वरून शेणानं लिंपल्याली हाय. पावसानं भिजू नयेत म्हनून. आमची माय अशीच रचायची. सांग साहेबांना.”

भागवतनं वायरलेस तोंडाशी धरला. “साब, वो दारूगोला नहीं, गवरी है गवरी!” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भागवत कान देऊन ऐकत राहिला आणि कपाळाला हात लावून वळला.

“अप्पा, साहेब इचारायलेत, गवरी म्हंजी कुठली तोफ?”

मित्रांनो, तुम्ही हसाल. मलाही आज हसू येतं. तेव्हा मात्र त्या बिळात दोन माणसं एक शब्द शोधत होती आणि मिनिटं सरत होती. साहेब दूर दक्षिणेतले, मराठी त्यांना कळत नसे.

“हिंदीत काय म्हंत्यात गवरीला?”

“मला काय म्हाईत! आमच्यात गॅस आल्याला दहा वर्सं झाली.”

“अरे, काहीतरी म्हन!”

भागवतनं डोळे मिटले आणि ओरडला, “साब, गोबर की रोटी! गोबर की रोटी, साब!”

क्षणभर नुसती खरखर. मग साहेबांचा हिंदीतला आवाज मलाही ऐकू आला; गोवरीचा शब्द त्यांनाच सापडला होता. “उपले? पक्कं आहे? माणसं आहेत तिथं? शस्त्र आहे? नक्की बघून सांगा. सात मिनिटं आहेत.”

नक्की बघायचं तर जाळी काढायला हवी होती. आणि सूर्य नेमका समोर, नदीपलीकडे टेकला होता. जाळी काढून मला फटीबाहेर धरलं की माझी काच चमकणार, त्याहून जास्त ते झिजलेलं पितळ चमकणार. पलीकडचे टेहळे त्याचीच वाट बघत होते. बिळाला मागची एकच अरुंद वाट होती.

“ऱ्हाऊ द्या अप्पा,” भागवत हळूच म्हणाला. “आपुन सांगितलं तेवढं सांगितलं.”

गुरुलिंगांनी खिशातून विभूतीचा गोळा काढला. हातात धरून जरासे थांबले. देवाची वस्तू होती ती. “शिवा, माफ कर,” म्हणाले. थुंकी लावावी असं त्यांना वाटेना, म्हणून बाटलीतले शेवटचे चार थेंब घेतले, विभूती कालवली आणि माझ्या काठावर, उघड्या पितळेवर, गोल फिरवून लावली. नीट ऐका, काठावर. काचेला त्यांनी बोटही लागू दिलं नाही. पितळेची चकाकी विझली. मग त्यांनी जाळी सोडली.

मी आयुष्यात पुष्कळ बघितलं, पण त्या संध्याकाळइतकं स्वच्छ कधीच नाही. भिंतीशी एक म्हातारी उकिडवी बसली होती. शेजारी तिची म्हैस. गाव रिकामं झालं तरी म्हशीसाठी ती मागे राहिली असावी. तिनं शेणाचा गोळा उचलला, भिंतीवर थापला, तळवा क्षणभर तसाच दाबून ठेवला आणि काढला. भिंतीवर पाच बोटं उमटली.

“बाई हाय,” गुरुलिंग म्हणाले. “सांग, म्हातारी बाई हाय. गवऱ्या थापायली.”

भागवतनं सांगितलं. मग दोघंही श्वास धरून बसले. पाच मिनिटं गेली, सात गेली, दहा गेली. तोफा बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या पलीकडच्या. काचेची एखादी चमक त्यांना दिसलीच असणार, पण नेमकी जागा सापडली नाही. पहिला गोळा आमच्यापासून तीस पावलांवर पडला, दुसरा त्याहून जवळ. छपराची एक बाजू खाली आली, मागची वाट मातीनं बुजली. माझा डावा डोळा तडकला. भागवतचा डावा कान तेव्हापासून गेला तो गेलाच. दीड दिवस आम्ही तिघं त्या मातीखाली होतो. अंधार, पाणी नाही, वायरलेस मुका. गुरुलिंगांनी मला छातीशी धरलं होतं. त्यांच्या इष्टलिंगाची डबी आणि मी, दोघी एकमेकींना लागून.

आपल्या जवानांनी उकरून बाहेर काढलं तेव्हा गुरुलिंग एवढंच म्हणाले, “विभूतीनं वाचवलं.”

घरी फोन लागला तेव्हाही तेवढंच. इकडे उदगीरला पलटणीचा निरोप आल्यापासून लक्ष्मम्मांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. नवऱ्याचं ते एक वाक्य त्यांनी पदरात बांधून ठेवलं. पुढं मी यादीतून बाद झाले. गुरुलिंग निवृत्त झाले तेव्हा पलटणीनं मला पाटावर बसवून त्यांना भेट दिलं. आणि घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी ती तीन बोटं माझ्या काचांवर फिरली.

गुरुलिंग तेव्हा दारातच उभे होते. काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. बोलले नाहीत.

लोक यायचे, पेटीला हात जोडायचे, कौतुक करायचे. शेजारच्या गुणाबाई तर मुलांच्या परीक्षेला मला नारळ बोलायच्या. पण नऊ वर्षांत एकानंही माझ्यातून बघितलं नाही. मी आवाजांवर जगले. दूध घालणाऱ्याची हाक, कुकरची शिट्टी, बातम्यांतला आरडाओरडा. पुन्हा बिळातच होते म्हणा ना. फक्त या बिळाला फट नव्हती.

आणि मागच्या महिन्यात दाराशी एक आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढा.

“अप्पा हायेत का घरी? का गेले उंदराकडं भाड्यानं?”

भागवत! मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. चहा झाला, हसणं झालं. लक्ष्मम्मांनी मोठ्यानं विचारलं, “दादा, ते तुमी दोघं मातीखाली अडकले व्हते, तवा काय झाल्तं हो? हे काईच सांगत न्हाईत.”

“सांगितलं न्हाई? गोबर की रोटी सांगितली न्हाई?” भागवतनं सगळी गोष्ट सांगितली. साहेबांचा आवाज काढला, स्वतःचाही काढला. लक्ष्मम्मा आधी हसल्या, म्हातारीपाशी आल्यावर मात्र पुढं सरकून बसल्या. भागवत सांगता सांगता उठला, पेटीपाशी आला आणि थबकला.

“वैनी, हे काय? हिच्या डोळ्यात राख कुणी घातली?”

“राख न्हाई दादा, विभूती हाय. नेमानं लावते. ह्यांनीच सांगितलं, विभूतीनं वाचवलं म्हनून.”

“अवो, काठाला लावली व्हती अप्पांनी! चमकू नये म्हनून. काच उघडी ठिवली, तवा तर ती बाई दिसली!”

मग लक्ष्मम्मा नवऱ्याकडे वळल्या. “तुमाला म्हाईत व्हतं?”

“व्हतं.”

“नऊ वर्सं?”

“तुझा नेम व्हता,” गुरुलिंग म्हणाले. “मी मातीखालून वाचलो म्हनून धरल्याला. कुठल्या तोंडानं मोड म्हनू?”

लक्ष्मम्मांनी पेटी उघडली. मऊ फडकं भिजवलं. एकेक थर सुटू लागला. पांढरं धुकं पातळ झालं आणि मला पहिल्यांदा त्यांचा चेहरा नीट दिसला. नऊ वर्षं ज्यांची फक्त बोटं ठाऊक होती, त्यांचा चेहरा. डोळे भरलेले होते. माझी काच मात्र पहिल्यासारखी झाली नाही. राखेनं तिच्यावर बारीक ओरखडे पडले आहेत, ते आता राहणार.

पाटासकट मला उचलून त्या गच्चीवर गेल्या. डावा डोळा तडकलेला, म्हणून गुरुलिंगांनी उजवा दाखवला. आधी सगळं अंधूक दिसलं. मग त्यांनी चक्री फिरवली. मोकळ्या प्लॉटच्या पलीकडे एक भिंत होती, भिंतीवर ओळीनं गोवऱ्या. एकेकीवर पाच बोटं.

“दिसली का?” गुरुलिंगांनी विचारलं.

“दिसली,” लक्ष्मम्मा म्हणाल्या. “आई गं, हात दिसला तिचा.” आणि किती तरी वेळ त्यांनी मला खाली ठेवलं नाही.

मित्रांनो, मी अजून त्याच पाटाला जखडलेली आहे. स्क्रू काढले तर काठ फुटेल, असं भागवत म्हणाला. असू द्या. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. एखाद्या वस्तूवर, एखाद्या माणसावर जीव जडला तर त्याला जरूर जपा, ओवाळा. पण तो ज्या कामासाठी जन्मला, ते काम त्याच्या हातून काढून घेऊ नका. आणि आपल्याच मायेनं त्याचे डोळे झाकले गेले असतील, तर तसं सांगायला नऊ वर्षं थांबू नका.

भागवत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. पेटीचं दार उघडलं. विभूतीत बुडालेली तीच तीन बोटं माझ्याकडे आली. सवयीनं मी पांढऱ्या धुक्याची वाट बघितली.

बोटं काचेपाशी थांबली, वळली, आणि काठावरून हळूच गोल फिरली.

“शिवा, सांभाळ रे बाबा,” लक्ष्मम्मा म्हणाल्या. आणि मला त्यांचे ओठ हललेले दिसले.