गॅरेजमधली पाहुणी

नियमकाकांच्या बंगल्यामागच्या गॅरेजमध्ये मोटार कधी उभी राहिलीच नाही. मोटार बाहेर रस्त्यावर ताडपत्रीखाली, आणि गॅरेजमध्ये सिस्टर आणि तिची अंथरुणाला खिळलेली आई. शटर काढून तिथे भिंत घातलेली, भिंतीत एक दार, वर झरोका, कोपऱ्यात बेसिन. नगरपालिकेच्या कागदावर मात्र तिथे अजून मोटारच राहत होती, कारण त्या वसाहतीचा नियमच तसा होता. एका जागेवर एकच घर आणि एका घरात एकच कुटुंब. काका भाडं न्यायला न चुकता येत, पण भाडेपत्राचं नाव काढलं की त्यांना ऐकू कमी येई.

सिस्टर हे सगळं सोसत होती ते एवढ्यासाठीच, की ती जिथे परिचारिका होती ते रुग्णालय तिथून सात मिनिटांवर होतं. आईची डावी बाजू गेलेली. दर तीन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होत. सकाळी शेजारची मोलकरीण डोकावून जाई, पण दुपारी कोणी नसे. मग जेवणाच्या सुट्टीत सिस्टर जेवायला न बसता घरी पळे, आईला वळवी, चार घोट पाणी पाजी आणि पुन्हा पळे. सहा वर्षं तिने दुपारचं जेवण असं चालत्या पायांनीच उरकलं होतं.

अशात गावात नियम बदलायची मागणी उठली. बस चालवणाऱ्या एका बाईने सह्या जमवायला सुरुवात केली. म्हणणं साधं होतं, एका जागेवर तीन-चार लहान घरं होऊ द्या आणि मागच्या खोल्या कायदेशीर करा, म्हणजे गावाची कामं करणाऱ्यांना गावात राहता येईल. एवढ्यावर वसाहतीच्या पोटात गोळा आला. काकांच्या हिरवळीवर बैठका सुरू झाल्या. परिसराचं स्वरूप बिघडेल, शांतता जाईल, कोण कुठले लोक येऊन राहतील, असं नाकाने कांदे सोलणं रोज चाले, आणि झरोक्यातून ते सगळं त्या कोण कुठल्या लोकांना ऐकू येई. ह्याच मंडळींना ताप आला की इंजेक्शन द्यायला सिस्टर लागायची. तेव्हा ती परिसराच्या स्वरूपात अगदी नीट बसत असे.

एका संध्याकाळी काका गॅरेजच्या दारात आले. नियमबदलाच्या मागणीवर पालिकेत सुनावणी आहे, त्यानंतर तिथले लोक पाहणीला येतील, तेव्हा महिनाअखेर जागा मोकळी करा, म्हणाले. आवाज अगदी मायेचा होता. वर म्हणाले, मला वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम. सहा वर्षं तोच नियम मोडून भाडं खाल्लं होतं, त्याबद्दल मात्र त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही.

परवडणारी खोली आता बसने दीड तासावर मिळत होती. तिथून दुपारी येऊन आईला वळवणं शक्यच नव्हतं. बसवाल्या बाईने सुनावणीत बोलणाऱ्यांच्या यादीत सिस्टरचं नाव घातलं, पण लिपिकाने ते खोडलं. बोलायचा हक्क वसाहतीच्या रहिवाशालाच, आणि हिच्याकडे पत्त्याचा एक कागद नाही. सिस्टर त्या रात्री आईजवळ बसून खूप रडली. आईने उजव्या हाताने तिचा दंड धरून ठेवला होता.

आता काकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचं सगळं आयुष्य जनगणनेच्या खात्यात गेलं होतं. एक डोकं सुटलं तर सगळी गणना फुकट, हे त्यांचं ब्रीद होतं, आणि दुसरं कुठलंच नसल्यामुळे ते त्यांनी निष्ठेने सांभाळलं होतं. वसाहत आधीच कशी भरलेली आहे हे आकड्यांनी सिद्ध करायचं त्यांनी ठरवलं. गळ्यात पाटी अडकवून ते दारोदार फिरले आणि रकाने आखून माणसं मोजली. घरातली, माडीवरची, मागच्या खोलीतली, गॅरेजमधली. एकही सोडलं नाही. आपण काय मोजतो आहोत हे त्या शहाण्या माणसाच्या लक्षात आलं नाही, आणि बैठकीला टाळ्या पिटणाऱ्यांच्याही आलं नाही. आकडा मोठा आला म्हणून सगळे खूश होते.

सुनावणी भर दुपारी होती. सिस्टर सुट्टीत आली आणि गणवेशावर स्वेटर चढवून मागच्या बाकावर बसली. घरी जाऊन येण्याइतका वेळ राखून किती ऐकता येईल, याकडे तिचं लक्ष होतं. काकांनी घसा खाकरून वाचलं. एक्केचाळीस घरं, दोनशे त्रेसष्ट माणसं, पाणी पुरत नाही, गाड्या मावत नाहीत. मग तक्ता लिपिकाच्या हाती दिला आणि लिपिकाने त्यावर शिक्का मारला.

सुनावणी घेणाऱ्या अध्यक्षबाई पानं उलटत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"घर क्रमांक चौदा तुमचं ना? घरात दोन माणसं, गॅरेजमध्ये दोन. ही गॅरेजमधली कोण?"

काकांनी मान लांब करून तक्त्यातली ती ओळ पाहिली. मग ते म्हणाले, "पाहुण्या आहेत."

बाईंनी विचारलं, एकोणीस घरांच्या गॅरेजांत आणि मागच्या खोल्यांत पाहुणेच आहेत का. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी एकदम आपापल्या चपला न्याहाळायला घेतल्या. दुरुस्तीसाठी तक्ता परत द्या, असं काका म्हणाले. लिपिकाने शांतपणे सांगितलं, की दाखल झालेला कागद परत मिळत नाही, आणि हा नियम गेल्या वर्षी काकांच्याच अर्जावरून झाला आहे. ह्याला म्हणतात आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

मग बाईंनी विचारलं, पाहुण्यांपैकी कोणी हजर आहे का. सिस्टर उभी राहिली. लिपिकाने यादी काढली, खोडलेलं नाव पाहिलं, तक्त्यातला पत्ता पाहिला आणि नाव पुन्हा लिहिलं. पत्ता खुद्द काकांच्या अक्षरात होता.

"पाहुणी असते तर सहा वर्षांत एकदा तरी चहा विचारला असता," ती म्हणाली. "मी भाडेकरू आहे. महिनाअखेर जागा सोडायला सांगितलीय. माझी आई आत्ता उजव्या कुशीवर पडून आहे, आणि तिला वळवायला मला निघायचंय. दीड तास लांबून ते जमणार नाही. मला एवढंच बोलायचं होतं."

आणि ती खरोखरच निघून गेली, कारण वेळ झाली होती.

पुढचं तिला बसवाल्या बाईकडून कळलं. अध्यक्षबाईंनी दोनच वाटा ठेवल्या, एक तर एकोणीस घरांना दंडाच्या नोटिसा, नाहीतर नियमात बदल. दिवस मावळायच्या आत वसाहतीच्या सगळ्या हरकती मागे घेतल्या गेल्या. परिसराच्या स्वरूपाचा कोणी चकार शब्द काढला नाही. नियम बदलला, सिस्टरला भाडेपत्र मिळालं, दारावर तिच्या नावाची टपालपेटी लागली. हे सगळं आपल्या मोजणीमुळेच झालं, असं काका आता गल्लीत सांगत फिरत होते.

दोन महिन्यांनी ते गॅरेजमध्ये आले, हातात छापील हरकतपत्र घेऊन. कोपऱ्यावरच्या रिकाम्या जागेत रुग्णालय परिचारिकांसाठी तीन मजली घरं बांधणार होतं.

"आता तुम्ही इथल्याच," काका म्हणाले. "ती इमारत झाली तर तुमच्या झरोक्यातलं ऊन जाईल. सही करा."

सिस्टरने झरोक्याकडे पाहिलं. त्यातून येणारं ऊन आईच्या पायांवर पडलं होतं, आणि क्षणभर तिला ते खरंच जाऊ नये असं वाटलं. मग स्वतःची इतकी शरम वाटली की तिचे कान तापले. तिने कागद उलटा केला, मागे चार ओळींत पाठिंबा लिहिला, खाली सही आणि पूर्ण पत्ता घातला.

"हे दाखल करा, काका. एक डोकं सुटलं तर सगळी गणना फुकट, तुम्हीच म्हणता ना?" ती म्हणाली. "आणि बसा, चहा टाकते."

काकांनी बसायला जागा शोधली. सहा वर्षं भाडं घेतलेल्या त्या खोलीत दुसरी खुर्ची मावत नव्हती.